त्र्यंबकच्या धुंडिराजाची पाटी

नाशिक, प्रतिनिधी

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक ही दादासाहेब फाळके यांची ओळख एवढी ठळक आहे की, तिच्या सावलीत त्यांचे आधीचे सारे आयुष्य झाकले गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते. त्याआधी ते चित्रकार होते, छायाचित्रकार होते, नाटकांचे पडदे रंगविणारे कारागीर होते, जादूगार होते, पुरातत्त्व खात्यातील आरेखक होते आणि रंगीत छपाईचे जाणकार मुद्रकही होते. एवढे व्यवसाय बदलणाऱ्या माणसाला जग अस्थिर म्हणते. मात्र या साऱ्या व्यवसायांच्या मुळाशी एकच गोष्ट होती. लहानपणी हाताला लागलेली चित्रकलेची ओढ आणि ती मोडून न काढणारे घर.

मुलाला चित्रकलेत गती आहे, असे लक्षात आले तर घरच्यांनी काय करावे, हा प्रश्न आजच्या पालकांना पडतो. हाच प्रश्न सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी त्र्यंबकेश्वरच्या एका शास्त्र्यांच्या घरातही उभा राहिला होता. त्या घराने त्याचे दिलेले उत्तर आणि त्या उत्तराची मुलाने पुढे मोजलेली किंमत, या दोन्ही गोष्टी फाळक्यांच्या चरित्रात वाचायला मिळतात.

शास्त्र्यांच्या घरातील चित्रकार

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकपासून जवळच असलेल्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव फाळके हे दाजीशास्त्री या नावाने ओळखले जात. संस्कृतचे पंडित आणि धर्मकृत्ये सांगणारे पुरोहित अशी त्यांची ख्याती होती. आई द्वारकाबाई. तीन मुलगे आणि चार मुली असे हे भरलेले कुटुंब होते.

त्र्यंबकेश्वर हे गावच चित्रमय. डोक्यावर ब्रह्मगिरीचे कडे, पायथ्याशी काळ्या पाषाणात घडविलेले ज्योतिर्लिंगाचे मंदिर, त्याच्या भिंतींवरील कोरीव काम, कुशावर्तावर स्नानासाठी येणाऱ्या यात्रेकरूंची वर्दळ आणि पावसाळ्यात डोंगरावर उतरणारे ढग. घरात रामायण, महाभारत आणि पुराणांतील कथांचे पारायण नित्याचे. ज्या कथा पुढे फाळक्यांनी पडद्यावर आणल्या, त्या त्यांनी प्रथम कानांनी ऐकल्या त्या इथेच. चित्र, नाटक आणि जादू या तिन्हींची ओढ धुंडिराजाला लहानपणापासून होती.

त्या काळच्या रीतीप्रमाणे अशा मुलाची वाट ठरलेली होती. वडिलांकडून वेदपठण आणि संस्कृत शिकावे, पुढे यजमानकृत्ये सांभाळावीत आणि घराण्याचा लौकिक चालवावा. धुंडिराजाचा मधला भाऊ रघुनाथराव याच मार्गाने गेला आणि ऐन तारुण्यात निवर्तला. धुंडिराजाचेही प्राथमिक शिक्षण त्र्यंबकेश्वरीच झाले. चित्र काढणे ही त्या काळी भिक्षुकाच्या घरात शिक्षणाची बाब मानली जात नव्हती. कागद महाग, रंग दुर्मीळ आणि चित्रकार म्हणून पोट भरता येते यावर कोणाचा विश्वास नाही, अशी ती परिस्थिती होती.

या कुटुंबाचे दैव पालटले ते दाजीशास्त्र्यांच्या नोकरीमुळे. मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि फाळके कुटुंब मुंबईला आले. या बदलाचे महत्त्व फार मोठे आहे. त्र्यंबकेश्वरी राहिला असता तर धुंडिराजाची हौस हौसच राहिली असती. मुंबईत चित्रकला शिकविणारी एक संस्था उभी होती आणि मुलाला तिथे पाठविण्याइतके धैर्य वडिलांकडे होते. संस्कृत पंडिताच्या मुलाने १८८५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी सर ज. जी. कला विद्यालयात नाव घातले. दाजीशास्त्र्यांनी मुलाला स्वतः चित्र शिकविले नाही, ते त्यांचे क्षेत्रच नव्हते. परंतु आपल्या विद्येचा आग्रह त्यांनी मुलावर लादला नाही. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या पोथी हाच ज्ञानाचा मार्ग होता, तेथे हा निर्णय लहान नव्हता.

रेघेची शिस्त

‘जे. जे.’ या नावाने महाराष्ट्राला परिचित असलेली ही संस्था १८५७ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून सुरू झाली. धुंडिराज तेथे गेला तेव्हा जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे संस्थेची धुरा होती. याच ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यामुळे या संस्थेच्या भिंतींआड युरोपची शास्त्रशुद्ध पद्धत आणि भारताची प्राचीन चित्रपरंपरा एकाच वेळी वावरत होत्या.

शिक्षणाची पद्धत लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर होती. प्रथम सपाट नमुन्यावरून मुक्तहस्त रेखाटन, मग भूमितीय आकृत्या, मग प्लास्टरच्या साच्यांवरून छायाप्रकाशाचा अभ्यास, यथार्थदर्शन आणि शेवटी निसर्ग. एकच फूल, एकच हात, एकच फुलदाणी पुन्हा पुन्हा काढायची. जे दिसते ते आणि जे आहे असे आपल्याला वाटते ते, यातला फरक डोळ्यांना कळेपर्यंत काढायची. या पद्धतीवर टीकाही झाली. तिच्यात मुलाच्या कल्पनेला वाव कमी होता, हे खरेच. परंतु धुंडिराजाला तिने एक शिदोरी दिली. कोणतीही वस्तू कोठून उजळते, कोठे काळवंडते आणि चौकटीत ती कोठे ठेवली असता नजर तिच्यावर खिळते, हे त्याच्या डोळ्यांना कायमचे कळले. पुढे कॅमेऱ्याच्या मागे उभे राहिल्यावर त्याला हे कोणी वेगळे शिकवावे लागले नाही.

थोरल्या भावाचा आधार

चित्रकलेचा वर्षभराचा अभ्यासक्रम पुरा झाल्यावर १८८६ मध्ये धुंडिराज थोरले बंधू शिवरामपंत यांच्यासोबत बडोद्याला गेला. शिवरामपंत तेथे नोकरीत होते. पुढे ते जव्हार संस्थानच्या कारभारात वरिष्ठ पदावर पोहोचले. बडोद्यातच मराठे घराण्यातील मुलीशी धुंडिराजाचे लग्न झाले. लग्न झालेल्या, कमावत नसलेल्या आणि चित्रकला शिकू पाहणाऱ्या धाकट्या भावाला घरात ठेवून घेणे, हा शिवरामपंतांचा वाटा फाळके चरित्रात फार कमी वेळा सांगितला जातो. वडिलांनी दार उघडले होते, भावाने ते उघडे ठेवले.

बडोदे त्या काळी सयाजीराव गायकवाड यांच्या दूरदृष्टीमुळे भारतातील एक अग्रगण्य संस्थान बनले होते. राजा रविवर्मा यांच्याकडून महाराजांनी पौराणिक चित्रे करून घेतली होती. कला आणि कारागिरी यांचे शिक्षण एकत्र देणारे ‘कलाभवन’ १८९० मध्ये तेथे सुरू झाले. या संस्थेचे प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला फासलेले डांबर आपल्या रसायनविद्येच्या बळावर उतरविणारे हेच ते गज्जर.

कलाभवनात धुंडिराज तैलरंग आणि जलरंग शिकला. वास्तुरचना आणि मूर्तिकामाचे धडे त्याने गिरविले. अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात १८९२ मध्ये त्याने मांडलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले. मात्र गज्जरांचा खरा उपकार वेगळाच आहे. या विद्यार्थ्याचा हात कागदावर जितका रमतो तितकाच यंत्रात आणि रसायनांतही रमतो, हे त्यांनी ओळखले. त्यांनी त्याला रतलामला तीन रंगांच्या ब्लॉकचे आणि फोटोलिथोचे तंत्र शिकण्यासाठी धाडले आणि परतल्यावर कलाभवनाची छायाचित्रशाळा आणि प्रयोगशाळा वापरण्याची मुभा दिली. विद्यार्थ्याला काय येते ते पाहून त्याच्या हाती योग्य हत्यार देणारा शिक्षक त्याला येथे भेटला.

प्लेग, पडदे आणि प्रोफेसर केळफा

यानंतरची काही वर्षे कोणाही आईबापाला काळजीत टाकतील अशी आहेत. फाळक्यांनी १८९५ मध्ये छायाचित्रकार म्हणून व्यवसाय करायचे ठरविले आणि ते गोध्र्याला गेले. तेथे प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल दोघांनाही ओढून नेले. खचलेले फाळके बडोद्याला परतले. तेथे छायाचित्र काढले की माणसाची शक्ती कॅमेऱ्यात शोषली जाते, अशी समजूत लोकांत होती. त्यामुळे व्यवसाय बसेना.

मग त्यांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगविण्याचे काम घेतले. संगीत नाटकांचा तो बहराचा काळ होता. राजवाडा, अरण्य, रस्ता, कैलास असे पडदे प्रत्येक मंडळीला लागत. पडद्यावरचा राजवाडा दिव्यांच्या उजेडात शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही खरा वाटला पाहिजे, हे या कामाचे गमक. जे. जे.मध्ये शिकलेले यथार्थदर्शन येथे रोजीरोटीला आले. याच सुमारास एका जर्मन जादूगाराकडून त्यांनी हातचलाखी शिकून घेतली आणि आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग केले. नजरबंदी म्हणजे प्रेक्षकाची नजर आपल्याला हवी तेथे नेणे. ही विद्याही वाया गेली नाही.

फाळक्यांचा दुसरा विवाह १९०२ मध्ये कीर्लोस्कर नाटक मंडळीशी संबंधित कुटुंबातील गिरिजा करंदीकर यांच्याशी झाला. सासरी त्यांचे नाव सरस्वती ठेवण्यात आले. विवाहानंतर फाळक्यांना भारतीय पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून सरकारी नोकरी मिळाली. चित्रकलेतून मिळू शकणारी स्थिर, सन्मानाची आणि पगाराची अशी ही नोकरी होती. जुनी मंदिरे आणि शिल्पे यांची मोजमापे घेऊन अचूक आरेखने करणे हे तिचे स्वरूप. मात्र वंगभंगानंतर देशभर स्वदेशीचे वारे वाहू लागले आणि १९०६ मध्ये फाळक्यांनी ही नोकरी सोडली.

एका चित्राचे तीन रंग

लोणावळ्याला त्यांनी खोदकाम आणि छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या नावाचा छापखाना जवळच मळवली येथे होता आणि देवादिकांची त्याची रंगीत चित्रे तेव्हा घरोघरच्या भिंतींवर लागली होती. या छापखान्यासाठी फाळक्यांनी फोटोलिथोचे काम केले. पुढे हा व्यवसाय मुंबईत दादरला गेला, पुरुषोत्तम मावजी हे भागीदार झाले आणि ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ हे नाव मिळाले. आधुनिक यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले.

तीन रंगांच्या छपाईचे तंत्र चित्रकाराच्या दृष्टीने मोठे विलक्षण. मूळ चित्र वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून टिपून त्याचे पिवळा, लाल आणि निळा असे तीन स्वतंत्र ठसे करायचे. प्रत्येक ठशावर लहानमोठे ठिपके असतात. तिन्ही ठसे एकावर एक तंतोतंत बसले की डोळ्यांना सलग रंग दिसतो, केसभर सरकले की सारे चित्र धूसर होते. सलग दिसणारे चित्र प्रत्यक्षात तुकड्यांचे बनलेले असते आणि ते जोडण्याचे काम पाहणाऱ्याचा डोळा करतो, हे तत्त्व फाळक्यांनी चित्रपट पाहण्याच्या आधीच कोळून प्यायलेले होते. भागीदारांशी मतभेद झाल्यावर १९११ मध्ये त्यांनी भरभराटीला आलेला हा व्यवसायही सोडला. चाळिशी उलटलेली, पदरी मुले आणि हाती काम नाही, अशी त्यांची अवस्था झाली.

पडद्यावरील प्राणी

याच काळात त्यांनी मुंबईतील गिरगावच्या एका तंबूत चलच्चित्रे पाहिली. थोरला मुलगा भालचंद्र सोबत होता. पडद्यावर चालतेबोलतेसे प्राणी पाहून हरखलेल्या मुलाने घरी येऊन आईला ते सांगितले, तेव्हा घरातील कोणाचा विश्वास बसेना, म्हणून फाळके सगळ्यांना दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. त्या वेळी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट दाखविण्यात आला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असता फाळक्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले, हे त्यांच्या आयुष्यातील वळण सर्वपरिचित आहे. मात्र त्याच्या आदल्या दिवशीचा तो अचंबित मुलगा फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

त्यानंतर त्यांनी चित्रपटतंत्राचा असा ध्यास घेतला की, सततचे पाहणे आणि वाचन यांमुळे काही काळ त्यांची दृष्टीच गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. ज्या डोळ्यांच्या भरवशावर पंधराव्या वर्षापासूनचे सारे आयुष्य उभे होते, ते डोळेच पणाला लागले होते. दृष्टी परत मिळताच त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनचा रस्ता धरला. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना मदत केली आणि सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांना निर्मितीची प्रक्रिया पाहता आली. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते १ एप्रिलला परतले.

भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी प्रथम एक छोटा चित्रपट केला. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर थोडे थोडे करून त्या अंकुराची छायाचित्रे टिपली. जेमतेम मिनिटभराच्या या ‘अंकुराची वाढ’मध्ये दाण्यातून कोंब फुटून वेल वर चढताना दिसत असे. एकाच वस्तूचे रोज नव्याने निरीक्षण करण्याचा कला विद्यालयातील जुनाच धडा येथे नव्या यंत्राने गिरविला होता.

चित्रकाराचा चित्रपट

‘राजा हरिश्चंद्र’ हा सुमारे ३,७०० फूट लांबीचा, चार रिळांचा मूकपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. कथा, दिग्दर्शन, नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा, रसायनप्रक्रिया आणि संकलन ही बहुतेक कामे फाळक्यांच्या हातून झालेली होती. बोलपट अद्याप जन्मायचा होता. जे सांगायचे ते चित्रानेच सांगावे लागे. अशा वेळी आपल्याकडच्या पहिल्या चित्रपटाचा कर्ता चित्रकार असावा, हा योगायोग फार मोलाचा ठरला. चित्रपटातील काही दृश्यांच्या मांडणीवर रविवर्म्याच्या चित्रांचा प्रभाव अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. राजवाड्याचे पडदे रंगविताना नाटक मंडळ्यांतील अनुभव कामी आला.

तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला साडी नेसविण्यात आली. रोहिदास झाला तो पडद्यावरील प्राणी पाहून हरखलेला भालचंद्र. घरातील सर्वांत मोठा भार मात्र सरस्वतीबाईंवर होता. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, उन्हात प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे आणि रात्री अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडणे व रसायने कालविणे, हे सारे त्यांनी केले. पैशांची चणचण भासली तेव्हा त्यांनी दागिनेही पुढे केले. फाळक्यांच्या नावाने गौरव होतो तेव्हा या बाईंचेही नाव घेतले गेले पाहिजे.

नाशिकचा कारखाना आणि आगकाड्यांचा खेळ

पहिल्या यशानंतर फाळक्यांनी मुंबई सोडून नाशिक गाठले. गोदावरीचे घाट, देवळे, डोंगर, झाडी आणि भरपूर सूर्यप्रकाश हा पौराणिक चित्रपटासाठी आयता स्टुडिओच होता. ‘मोहिनी भस्मासुर’मधून दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजेच पुढच्या कमलाबाई गोखले, या मायलेकी पडद्यावर आल्या आणि स्त्री भूमिका स्त्रीने करण्याची सुरुवात झाली. ‘सत्यवान सावित्री’ १९१४ मध्ये आला. त्याच वर्षी फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, परंतु महायुद्ध पेटले आणि आर्थिक गणित कोलमडले.

या हलाखीच्या दिवसांत, १९१५ च्या सुमारास, त्यांनी काही गमतीदार लघुपट केले. त्यांपैकी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये साध्या आगकाड्या आपोआप हलून आकार धारण करीत. काडी थोडी सरकवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा सरकवायची, अशी ही रीत. भारतातील सचेतनपटांची ती पहिली पावले मानली जातात. हा लघुपट आज उपलब्ध नाही. लहान मूल पाटीवर रेघोट्या जोडून घर, माणूस, झाड उभे करते, त्याच खेळाचा हा विस्तार होता. पंचेचाळिशीच्या माणसाने, डोक्यावर कर्ज असताना, तो पुन्हा मांडला होता.

‘लंकादहन’ने १९१७ मध्ये दिवस पालटले. राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. या चित्रपटाची नाण्यांत जमा झालेली कमाई बैलगाडीतून न्यावी लागली, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. पुढच्या वर्षी भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ नाशिकमध्ये स्थापन झाली.

मंदाकिनीचा चेहरा

याच कंपनीच्या ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालियामर्दन’ या चित्रपटांत बाळकृष्णाच्या भूमिकेत फाळक्यांनी आपली छोटी मुलगी मंदाकिनी हिला उभे केले. मुलींना पडद्यावर आणणे ज्या काळात निंद्य मानले जाई, त्या काळात स्वतःच्या घरातून त्यांनी याची सुरुवात केली, हे महत्त्वाचे आहे.

‘कालियामर्दन’चा (१९१९) बराचसा भाग सुदैवाने टिकून आहे. त्याच्या सुरुवातीला कथा नाही. पडद्यावर केवळ मंदाकिनीचा चेहरा येतो आणि त्यावरील भाव एकामागून एक बदलत जातात. मग ती मुलगी कृष्णाच्या रूपात विरघळते. ही एका लहान मुलीची करामत आहे, हे प्रेक्षकांनी आधी पाहावे आणि मगच कथेत शिरावे, अशी ही योजना. चित्र काढणारा बाप येथे आपल्या मुलीचे चित्र काढताना दिसतो. चेहऱ्यावरील एकेक रेघ कशी हलते याचे एवढे प्रेमळ निरीक्षण त्या काळच्या आपल्या चित्रपटांत क्वचितच सापडेल. मूल अवघडलेले असेल तर असा चेहरा कॅमेऱ्यासमोर येत नाही. त्र्यंबकेश्वरच्या घराने धुंडिराजाला जे मोकळेपण दिले, ते नाशिकच्या घरात मंदाकिनीपर्यंत पोहोचलेले होते.

अखेरचा पडदा

भागीदारीत मात्र फाळके रमले नाहीत. खर्चाचा हिशेब आणि चित्राची हौस यांचा मेळ त्यांना कधीच घालता आला नाही. कंपनी सोडून ते काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, १९२२ मध्ये परतले आणि पुन्हा काम करू लागले. पण काळ बदलत होता. ‘आलम आरा’ने १९३१ मध्ये पडद्याला आवाज दिला. चित्राने बोलणाऱ्या कलावंताला आता संवादांच्या जगात उभे राहायचे होते. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला ध्वनी जोडण्यात आला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट ठरला.

उतारवय नाशिकमध्येच गेले, तेही ओढगस्तीत. त्यांच्या मेहनतीवर उभा राहिलेला व्यवसाय लाखोंची उलाढाल करीत होता आणि ते स्वतः त्यातून बाहेर फेकले गेले होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ‘राजा हरिश्चंद्र’चाही आज काही भागच उपलब्ध आहे आणि तो १९१७ मध्ये नव्याने केलेल्या आवृत्तीचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

सन्मान नंतर आले. जन्मशताब्दीच्या निमित्ताने केंद्र सरकारने १९६९ चा पहिला दादासाहेब फाळके पुरस्कार देविका राणी यांना दिला. गोरेगावच्या चित्रनगरीला आणि दादरच्या रस्त्याला त्यांचे नाव मिळाले. नाशिकमध्ये पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे राहिले. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटाने नव्या पिढीला या कुटुंबाची हसतमुख जिद्द दाखविली.

पाटी कोणाच्या हाती?

नाशिक हे आज चित्रकारांचे शहर म्हणून ओळखले जाते. गोदाघाटावर बसून जलरंगात निसर्गचित्रे करण्याची येथे मोठी परंपरा आहे. शाळाशाळांतून कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना मुले बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन यांचा सराव केला जातो आणि दहावीला वाढीव गुणांची सवलतही मिळते. गुण मिळाले की मात्र अनेक घरांत रंगपेटी माळ्यावर जाते. चित्रकला शिकून पुढे काय, हा प्रश्न दाजीशास्त्र्यांच्या काळी होता तेवढाच आजही अवघड आहे.

फाळक्यांचे चरित्र या प्रश्नाला सोयीचे उत्तर देत नाही. चित्रकलेने त्यांना सुखासीन आयुष्य दिले नाही आणि म्हातारपणी आधारही दिला नाही. त्यांच्या ध्यासाची किंमत सरस्वतीबाईंनी आणि मुलांनीही मोजली. मात्र हेही तेवढेच खरे की, शिकलेली एकही गोष्ट त्यांच्या हातून फुकट गेली नाही. साच्यांवरून केलेले छायाप्रकाशाचे रेखाटन, नाटकाचा पडदा, आरेखकाची मोजपट्टी, तीन रंगांचे ठसे आणि जादूगाराची हातचलाखी ही सारी सामग्री एका चित्रपटात एकत्र आली, तीही ती विद्या शिकवायला देशात एकही शाळा नसताना.

आणि त्यांना मिळालेली मदत पाहिली तर ती फार साधी होती. वडिलांनी आपली वाट मुलावर लादली नाही. भावाने कमाईची घाई न करता छप्पर दिले. शिक्षकाने मुलाचा कल पाहून त्याच्या हाती हत्यार दिले. यांपैकी एकानेही त्याच्या हातातील पेन्सिल काढून घेऊन चित्र पूर्ण करून दिले नाही. ३० एप्रिलला त्यांच्या पुतळ्याला हार घालताना नाशिककरांनी या तिघांचीही आठवण ठेवावी. कारण पहिला चित्रपट काढणारा माणूस शहराला पुन्हा मिळणार नाही, पण चित्र काढणारे मूल येथील प्रत्येक गल्लीत आहे.